पेशी पेशीत फरक
(रात्रीच्या वर्गात दिलेले एक भाषण)



आपण रोज कांदा चिरतो. चिरताना पाकळीच्या आतल्या अंगाला एक पातळ पापुद्रा सुटतो. पाण्यासारखा स्वच्छ, बोटाला चिकटणारा. आपण तो झटकून टाकतो. आम्ही गावोगाव यंत्र घेऊन फिरतो, ते हा पापुद्रा जपून ठेवतो. काचेच्या पट्टीवर तो पसरायचा, वर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकायचा आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. सूक्ष्मदर्शक म्हणजे वर एक आणि खाली एक अशी भिंगे बसवलेली नळी. बारीक वस्तू तिच्यातून शेकडो पट मोठी दिसते.

पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक एकच बोलतो, "अहो, ही तर विटांची भिंत!"

खरेच तशी दिसते. लांबट विटा एकीला एक लावून रचलेल्या. मधे चुन्याच्या रेघा असाव्यात तशा कडा. आणि प्रत्येक विटेत एक गडद टिपका. यातली एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. टिपका म्हणजे तिचे केंद्रक.

आता दुसरी पट्टी. आपल्या गालाच्या आतून स्वच्छ काडीने हलकेच खरवडायचे. रक्त काढायचे नाही, नुसते हलकेच. काडीला लागलेले काचेवर पुसायचे आणि निळ्या शाईचा थेंब टाकायचा. आता भिंत दिसत नाही. लहान पोरीने पहिल्यांदा लाटलेल्या पोळ्या असतात ना, वाकड्यातिकड्या, एकीवर एक पडलेल्या, कडा दुमडलेल्या, तसे काहीतरी दिसते. पण प्रत्येक पोळीच्या मधे तोच टिपका आहे. कांद्यात होता तो इथेही आहे.

म्हणजे कांदा काय, माणूस काय, दोघेही पेशींचेच बनलेले. बैल, बाभूळ, गांडूळ, गहू, सगळे तसेच. पण पेशी पेशीत फरक आहे. हा फरक नुसता पुस्तकात वाचण्याचा नाही. औषध रोगजंतूला मारते आणि आपल्याला का मारीत नाही, क्षयाच्या गोळ्या सहा महिने का घ्याव्या लागतात, एखाद्या घरातले मूल हातपाय दुखतात म्हणून वरचेवर का रडते, या सगळ्यांची उत्तरे त्या फरकात आहेत. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

आधी पेशी केवढी ते पाहू. मोजपट्टीवर सगळ्यांत बारीक खूण असते ती मिलिमीटरची. कांद्याच्या पेशी लांबीने तीनचार मांडल्या की एक मिलिमीटर भरतो. गालातल्या पेशी पंधरा-वीस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी सव्वाशेच्या वर लागतात. आणि जंतू? पाचशेपासून हजारापर्यंत. तेव्हा नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत यात डोळ्यांचा दोष नाही.

या पेशी पहिल्यांदा कोणी पाहिल्या? इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाचा एक हुशार गृहस्थ होता. त्याने बाटलीच्या बुचाची पातळ चकती कापून भिंगाखाली धरली. त्याला बारीक बारीक खोल्या दिसल्या. मठात साधूंच्या खोल्या असतात तशा. म्हणून त्याने त्यांना खोली या अर्थाचेच नाव दिले. हे १६६५ साली त्याने छापले. बूच ही झाडाची मेलेली साल, म्हणून खोल्या रिकाम्या होत्या. भिंती उभ्या, आत कोणी नाही.

आतली जिवंत मंडळी पाहिली ती हॉलंड देशात डेल्फ्ट गावच्या एका कापडवाल्याने. त्याचे नाव लेवेनहूक. कापडाचा पोत पाहायला व्यापारी भिंग वापरीत. याला भिंगाचाच नाद लागला. दाण्याएवढी भिंगे तो स्वतः घाशी. त्या काळचे पंडित लॅटिन भाषेत लिहीत. याला लॅटिन येत नव्हते. तो आपल्या गावच्या बोलीत पत्रे लिही आणि लंडनच्या विद्वानांच्या सभेला पाठवी. तळ्याच्या पाण्यातले जीव, रक्तातल्या तांबड्या पेशी, दातांवरच्या किटणातले वळवळणारे जंतू, हे सारे त्याने पाहिले. किटणातले जंतू त्याने १६८३ साली लिहून कळवले. आमच्या मते ही गोष्ट हूकसाहेबाच्या गोष्टीपेक्षा वर्गात जास्त वेळा सांगावी. ज्याला आपल्या भाषेत नीट पाहिलेले नीट लिहिता येते, त्याचे म्हणणे पंडितांनाही ऐकावे लागते.

असो. पेशीच्या आत काय असते ते पाहू.

पेशीला बाहेरून एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याला पटल म्हणतात. काय आत येऊ द्यायचे, काय बाहेर जाऊ द्यायचे, हे काम त्याचे. पटलाच्या आत दाटसर रस असतो. रसात केंद्रक असते. केंद्रकात त्या जीवाची पोथी असते. पोथी आमचा शब्द, शास्त्रज्ञ तिला डीएनए म्हणतात. शरीरात काय कसे बनवायचे ते त्या पोथीत लिहिलेले असते. रसात आणखी बारीक बारीक दाणे असतात, त्यांचे नाव तंतुकणिका. या पेशीच्या चुली. आपण खाल्लेली भाकर आणि श्वासातून आलेला प्राणवायू या चुलींत लागतो आणि पेशीला बळ मिळते.

इथपर्यंत कांदा आणि माणूस सारखेच. फरक आता येतो.

कांद्याच्या पेशीला पटलाच्या बाहेर आणखी एक जाड भिंत आहे. आपल्या पेशीला ती नाही. झाडाला हाडे नसतात, तरी ते उभे राहते ते या भिंतींच्या जोरावर. आणि प्रत्येक पेशीच्या पोटात पाण्याची एक मोठी पिशवी असते. ती भरलेली असली की भिंत ताठ राहते. मेथीची जुडी दुपारपर्यंत मान टाकते. तिच्या पिशव्या रिकाम्या होतात. पाणी शिंपडून ओल्या फडक्यात ठेवली की संध्याकाळी पुन्हा तजेलदार. पिशव्या भरल्या.

याच्या उलट कैरीच्या फोडींना आपण मीठ लावतो. तासाभरात पातेल्यात पाणी साठते. ते पाणी कोठून आले? कैरीच्या पेशींतून आले. बाहेर मीठ जास्त झाले की पाणी पटलातून बाहेर येते. पाणी नेहमी खारटाकडे धाव घेते, एवढे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

पानाच्या पेशीत हिरवे दाणेही असतात. ऊन, हवा आणि पाणी यांच्यापासून साखर करण्याचे काम ते करतात. कांद्याच्या पापुद्र्यात ते नसतात. कांदा मातीत दडलेला, त्याला ऊन कुठले? आपल्यातही ते नाहीत. असते तर उन्हात उभे राहून पोट भरले असते, आणि मग नांगर कोणी धरला असता?

झाडाच्या पेशीची भिंत म्हणजे काय, ते पाहायला यंत्र नको. कापसाचे बोंड घ्या. सरकीवर जे धागे असतात, त्यांतला एकेक धागा ही एकेक पेशी आहे. ऐकून आश्चर्य वाटते, पण खरे आहे. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांबत लांबत जाते. दोन-अडीच सेंटिमीटर, चांगल्या जातीत तीन. बोंड फुटले की आतला रस सुकतो, पेशी मरते आणि भिंत तेवढी उरते. ती भिंत आपण पिंजतो, काततो, विणतो आणि अंगात घालतो. या भिंतीच्या द्रव्याला सेल्युलोज म्हणतात. कडब्यात तेच, लाकडात तेच, तुमच्या हातातल्या पुस्तकाच्या कागदातही तेच. माणसाला ते पचत नाही. गाईलाही तिच्या स्वतःच्या बळावर पचत नाही. तिच्या पोटात जंतू असतात, ते पचवून देतात.

जंतू म्हटला की आपण नाक मुरडतो. पण दुधाचे दही लावतात ते जंतूच. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जंतूच राहतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. रोग करणारे थोडे, बाकीचे आपापले काम करणारे.

जंतू म्हणजे एकच पेशी. तीच त्याचे पोट, तीच त्याचे अंग. ही पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी. आपली पेशी म्हणजे चौसोपी वाडा. देवघर वेगळे, स्वयंपाकघर वेगळे, कोठार वेगळे. जंतूची पेशी म्हणजे एकाच खोलीचे खोपट. तिच्यात केंद्रक नाही. पोथी आहे, पण ती तशीच रसात पडलेली. चुलींच्या तंतुकणिका नाहीत. मात्र बाहेर भिंत आहे. ती झाडाच्या भिंतीसारखी नव्हे. तिचा चुना-विटा सगळा निराळा.

आता मघाची गोष्ट आठवा. पाणी खारटाकडे धावते. जंतूच्या आतला रस बाहेरच्यापेक्षा दाट असतो. म्हणून पाणी सारखे आत घुसू पाहते. भिंत आहे म्हणून जंतू फुगून फुटत नाही.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या डॉक्टरांना दिसले की, त्यांच्या काचेच्या बशीत एक बुरशी पडली आहे आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले आहेत. त्या बुरशीचा रस म्हणजे पेनिसिलिन. पुढे १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी त्याचे औषध केले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला त्यासाठी सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. हे पेनिसिलिन करते काय? जंतूला नवी भिंत बांधू देत नाही. गवंड्याचा हात धरते म्हणा ना. जंतू वाढत असतो, भिंत वाढत नाही. पाणी आत शिरते आणि जंतू फुटतो.

आणि आपल्या पेशी? त्यांना भिंतच नाही. पेनिसिलिनने धरायचा तरी कोणाचा हात? म्हणून जंतू मरतो आणि माणूस वाचतो. कोणाकोणाला हे औषध सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. म्हणून टोचण्याआधी डॉक्टर विचारतात, त्यांना खरे सांगावे. पण औषधाची मूळ युक्ती ही अशी आहे.

ही युक्ती कळली की आणखी एक गोष्ट आपोआप कळते. साधे पडसे जंतूने होत नाही, विषाणूने होते. विषाणू ही पेशीच नव्हे. त्याला भिंत नाही, रस नाही, चूल नाही. पोथीचा एक चिटोरा आणि त्यावर कवच, एवढाच त्याचा संसार. तो आपल्या पेशीत घुसतो आणि तिच्याकडून आपल्या नकला करून घेतो. भिंत बांधणाऱ्याला अडवणारे औषध त्याच्यापुढे काय करणार? तरी लोक पडशाला जंतूंच्या औषधाची गोळी मागतात, आणि दुकानदार देतो. पैसे जातात. शिवाय पोटातले चांगले जंतू मरतात, आणि जे चिवट असतात ते गोळीला दाद न देता वाढत राहतात. उद्या खरेच गरज पडली की गोळी लागू होत नाही.

क्षयाचा जंतू तर त्याहून कसलेला. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८२ साली शोधला. त्याच्या भिंतीवर मेणासारखा थर असतो. मेणकापड पांघरून बसलेला. शिवाय तो अति मंद. काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला वीस तासांच्या आसपास लागतात. औषधे बहुतेक वाढत्या जंतूला गाठतात. जो निजून राहिला आहे त्याला गाठायला वेळ लागतो. म्हणून सहा महिने. महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, अंगाला मांस चढते आणि माणूस म्हणतो, आता कशाला गोळ्या? पण निजलेले जंतू छातीत आहेतच. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबू नये, याचे कारण हे आहे.

आता आपल्या शरीरात या. माणसाच्या अंगात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. त्या सगळ्या आईच्या पोटातल्या एका पेशीपासून झाल्या. एकीच्या दोन, दोनीच्या चार, असे होत होत. जवळजवळ प्रत्येकीत तीच पोथी आहे. मग त्या वेगवेगळ्या का? कारण प्रत्येक पेशी सबंध पोथी वाचीत नाही. कातडीची पेशी कातडीचा अध्याय वाचते, यकृताची यकृताचा. मज्जातंतूची पेशी तर दोरीसारखी लांब होते. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच पेशी जाते, मीटरभर लांबीची. रक्तातली पांढरी पेशी आकार बदलीत सरपटते आणि जंतूला गिळते. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी चारपाच दिवसांत झिजून नव्या येतात.

या सगळ्यांत सगळ्यांत जास्त कोण? रक्तातली तांबडी पेशी. आणि सगळ्यांत चमत्कारिकही तीच.

तिचे काम फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवण्याचे. तिचा आकार चपट्या बत्ताशासारखा, पण मधे दोन्ही बाजूंनी दबलेला. हाडांच्या आतल्या मगजात ती तयार होते. दर सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या तयार होतात. तयार होताना ती आपले केंद्रक बाहेर टाकून देते! पोथी टाकली, चुलीही टाकल्या. का? तर जागा व्हावी म्हणून. सगळी जागा ती एका तांबड्या द्रव्याला देते. त्याचे नाव हिमोग्लोबिन. प्राणवायू धरून ठेवणारे तेच. बैलगाडीतून जास्त पोती न्यायची तर माणसे उतरवतात, तसेच हे. पण पोथी नसल्यामुळे या पेशीला स्वतःची डागडुजी करता येत नाही. चार महिने, सुमारे १२० दिवस, ती धावते आणि मग मोडते. तिच्या जागी नवी येते.

दवाखान्यात सलाईन लावतात, तेव्हा लोक म्हणतात, नुसते पाणी चढवले आणि पैसे घेतले. नुसते पाणी नसते ते. साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, मोजून. नुसते पाणी रक्तात सोडले तर ते खारटाकडे धावेल, तांबड्या पेशीत शिरेल, आणि तिला भिंत नसल्यामुळे ती फुटेल. मिठाचे ते माप पेशीच्या आतल्या रसाशी जुळणारे आहे.

तांबडी पेशी मऊ असावी लागते. अंगातल्या सगळ्यांत बारीक शिरा तिच्याहूनही अरुंद असतात. ती दुमडून, अंग चोरून त्यांतून निघते. ती मऊ राहिली नाही तर काय होते, ते आता सांगायचे आहे. आजच्या भाषणाचे मुख्य प्रयोजन हेच.

काही माणसांच्या तांबड्या पेशी प्राणवायू देऊन झाला की वाकतात. बत्ताशाचा विळा होतो. टोकदार आणि ताठ. असे विळे १९१० साली अमेरिकेत शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी छापून जगापुढे ठेवले. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून रोगाचे नाव सिकलसेल. आपल्या देशात तो १९५२ साली पहिल्यांदा निलगिरीच्या डोंगरात नोंदला गेला. पुढे कळले की सातपुड्यात, नंदुरबारकडे, विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागांत, मध्य प्रदेशात, छत्तीसगडात, गुजरातेत, ओडिशात तो पुष्कळ आहे.

विळे अरुंद शिरेत अडकतात. ओढ्यात काटेरी झुडूप अडकावे तसे. पुढचे रक्त तुंबते. जिथे तुंबते तिथे दुखते. हात, पाय, पाठ, पोट. साधे दुखणे नव्हे, माणूस लोळतो. ताठ पेशी लवकर मोडतातही. १२० दिवसांच्या जागी दहा-वीस दिवस. मगज कितीही राबला तरी भरपाई होत नाही. रक्त कमी पडते, दम लागतो, डोळे पिवळे दिसतात. लोक म्हणतात कावीळ झाली. कोणी म्हणतात बाहेरचे लागले. उतारा करतात, पायावर डाग देतात. पोर आधीच वेदनेने तळमळत असते, त्यात आणखी डाग.

हे का होते? पोथीत एक अक्षर चुकलेले असते, म्हणून. तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात, तुम्हांला हे लगेच समजेल. "पीठ" लिहायचे तिथे "मीठ" लिहिले तर? एकच अक्षर, पण भाकर बिघडली. हिमोग्लोबिन ही माळ आहे. तिच्या एका सरात १४६ मणी असतात. सिकलसेलमध्ये त्या सरातला सहावा मणी तेवढा वेगळा असतो. बाकीचे १४५ बरोबर. त्या एका मण्यापायी माळा एकमेकींना चिकटतात, पेशीच्या आत त्यांच्या काठ्या होतात आणि पेशी वाकते.

आता नीट लक्ष द्या. प्रत्येकाजवळ पोथीच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली आणि दुसरी शुद्ध असली, तर काम भागते. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. तो शेत नांगरतो, ओझी उचलतो, म्हातारा होतो. बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. उलट, वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. जिथे हिवताप फार, अशा रानावनांत ही चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती म्हणूनच.

दोन्ही प्रतींत चूक असेल तर मात्र रोग होतो. नवरा वाहक आणि बायको वाहक असली तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक वाटा रोगाचा, चारांत दोन वाटे वाहक होण्याचे आणि एक वाटा पूर्ण शुद्ध असण्याचा. प्रत्येक मुलाच्या वेळी, हे विसरू नका. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नाही. दर वेळी फासे नव्याने पडतात. दोघांतला एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या दोन्ही प्रती शुद्ध असतील, तर मूल सिकलसेलचे रोगी होत नाही. झाले तर वाहक होते.

मूल आजारी निघाले की पुष्कळ घरांत सुनेला बोल लावतात. "तुझ्या माहेरचा रोग." हे सपशेल खोटे आहे. दोन्ही घरांतून एकेक प्रत आल्याशिवाय हा रोग होतच नाही. सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवले, तर तितकेच बोट मुलाकडेही जाते. आणि खरे पाहता कोणाकडेच जात नाही. पोथी काय कोणी मुद्दाम चुकवली? हा रोग शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो अमुक एका जातीचाच, असेही नाही.

तपासणी सोपी आहे. बोटाचे रक्त एका नळीतल्या द्रवात टाकतात. नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दुसरी तपासणी करतात. तीत कळते, वाहक की रोगी. सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे तिने ठरवले. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

लग्नाआधी तपासावे काय? आमचे म्हणणे, अवश्य तपासावे. पत्रिका जुळवायला आपण दोन गावे पालथी घालतो, बोटाच्या एका टाचणीला का भ्यावे? मुलगी वाहक निघाली तर स्थळ मोडेल, म्हणून लोक लपवतात. आम्हांला त्यांची भीती समजते. पण लपवल्याने ती चूक कुठे जात नाही. उद्या दुसऱ्या वाहकाच्या घरात मुलगी पडली, तर दुःख तिच्या पदरी येते. फक्त मुलीचीच तपासणी मागणारे लोक भेटले तर त्यांना विचारा, मुलाच्या पोथीला काय सोने लावले आहे? आधीच लग्न झालेले दोघे वाहक निघाले तर घाबरू नये. दिवस गेल्यावर लौकर मोठ्या रुग्णालयात गेले, तर गर्भाचीही तपासणी होते. डॉक्टरांशी दोघांनी बसून बोलावे, एकट्या बाईला पाठवू नये.

ज्याला रोग आहे त्याचे काय? त्याच्यासाठी पुष्कळ करता येते. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध आहे. ते तान्हेपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवायला लावते. त्या हिमोग्लोबिनात तो वेगळा मणी नसतो, म्हणून पेशी कमी वाकतात आणि दुखण्याच्या कळा कमी येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यायचे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असे इथे नेहमी नसते. पाणी भरपूर प्यावे, कारण अंगातले पाणी आटले की पेशी लवकर वाकतात. कापणीच्या दिवसांत उन्हात राबताना, थंडीत, तापात, अतोनात श्रमात जपावे. अशा लहान मुलांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, लवकर निकामी होते आणि जंतूंचे फावते. म्हणून पाच वर्षांपर्यंत त्यांना रोज पेनिसिलिन देतात. तेच, गवंड्याचा हात धरणारे. लसीही चुकवू नयेत.

ताप आला, छातीत दुखून दम लागला, पोटाची डावी बाजू एकाएकी फुगली, किंवा एखादा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा, आणि तपासणीचे कार्ड बरोबर न्या. कार्ड पाहिले की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

आता ओसरीवर यंत्र मांडले आहे. एका पट्टीवर साध्या तांबड्या पेशी आहेत, दुसरीवर विळ्यासारख्या. एक डोळा मिटून पाहा, नळीला हात लावू नका. म्हाताऱ्या मंडळींना पुढे येऊ द्या, मुलांनी मागे रांग धरा. ज्यांना तपासणीसाठी नाव द्यायचे असेल त्यांनी दाराजवळच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहावे.